जिभेची शिदोरी

मराठीत जिभेविषयी पुष्कळ बोलले जाते, पण त्यात कौतुक क्वचितच असते. तिला हाड नसते, ती सैल सुटते, तिचे चोचले पुरवावे लागतात, अशीच तिची ख्याती. वास्तविक निसर्गाने या एका अवयवाकडे दोन मोठी कामे सोपवली आहेत. एक बोलण्याचे आणि दुसरे चव घेण्याचे. पहिल्यावर भाषा उभी राहते, दुसऱ्यावर स्वयंपाकघर. माणूस आपल्या गावात असतो तोवर ही दोन्ही कामे बिनबोभाट चालतात. त्याला समुद्रापार जावे लागले आणि परतीची वाट बंद झाली, म्हणजे मात्र जिभेची कसोटी लागते. अशा वेळी ती काय विसरते आणि काय जपते, हे ज्याला पाहायचे असेल त्याने मॉरिशस बेटावरचे साधे जेवण जेवून पाहावे.

मॉरिशस हे हिंदी महासागरातले, मादागास्करच्या पूर्वेस वसलेले बेट. क्षेत्रफळाने ते गोव्याहूनही लहान आहे. पांढरी वाळू, निळे पाणी आणि प्रवाळाची भिंत यांसाठी ते जगभर प्रसिद्ध आहे. भारतातून दरवर्षी हजारो प्रवासी तेथे जातात. त्यांतील अनेकांचा मुक्काम समुद्रकाठच्या एखाद्या प्रशस्त हॉटेलात असतो आणि न्याहारीपासून रात्रीच्या भोजनापर्यंतची सोय तेथेच होते. टेबलावर जगात कुठेही मिळतील असे पदार्थ मांडलेले असतात. असा प्रवासी समुद्र डोळे भरून पाहतो, छायाचित्रे घेतो आणि परततो. बेट मात्र त्याच्या तोंडाला लागलेले नसते. ते चाखायचे तर हॉटेलच्या फाटकाबाहेर, बाजारात आणि रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या हातगाडीपाशी जावे लागते.

तेथे काय मिळते हे समजून घेण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. या बेटाला मूळ रहिवासी नव्हते. १५९८ मध्ये डच खलाशी उतरले तेव्हा तेथे दाट अरण्य, प्रचंड कासवे आणि उडता न येणारा डोडो पक्षी होता. माणसांनी आणि त्यांच्याबरोबर आलेल्या प्राण्यांनी शंभर वर्षांच्या आत डोडो नामशेष केला. डचांनी १६३९ मध्ये जावा बेटावरून ऊस आणि हरणे आणली. १७१० मध्ये ते बेट सोडून गेले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी त्यावर हक्क सांगितला आणि १८१० मध्ये इंग्रजांनी ते जिंकून घेतले. म्हणजे आज तेथे राहणारा प्रत्येक माणूस कुठून तरी आलेल्यांचा वंशज आहे. त्याच्या ताटातला जवळजवळ प्रत्येक पदार्थही असाच प्रवासी आहे. मात्र या सर्वांचा प्रवास सारखा नव्हता. काही आपल्या इच्छेने आले, काहींना साखळदंडांनी बांधून आणले गेले आणि काही कागदावर अंगठा उठवून आले.

साखळदंडांनी आले ते मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतले गुलाम. त्यांच्या पोटाची सोय म्हणून फ्रेंच गव्हर्नर माहे द लाबूर्दोने याने अठराव्या शतकात मॅनिऑक हा कंद बेटावर रुजवला. आपल्याकडे ज्याच्यापासून साबुदाणा तयार होतो तोच हा कंद. महाराष्ट्रात उपवासाच्या दिवशी कौतुकाने खाल्ला जाणारा हा पदार्थ तेथे गुलामांना जगवण्यापुरते अन्न म्हणून आला. नैऋत्येकडील ल मॉर्न या पर्वताच्या कड्याकपारींत मळ्यांतून पळालेले गुलाम आश्रय घेत असत. २००८ पासून हा पर्वत जागतिक वारसास्थळ आहे. माहेबूर या गावी १८७० पासून मॅनिऑकची बिस्किटे करणारा एक कारखाना आहे. चहाबरोबर ते बिस्किट खाताना त्या कंदाचा इतिहास आठवला, तर घास थोडा सावकाश गिळला जातो.

१ फेब्रुवारी १८३५ रोजी बेटावर गुलामगिरी कायद्याने संपली. उसाचे मळे मात्र संपले नव्हते, उलट वाढत होते. त्यांना हात हवे होते. ते हात भारतातून आणण्याची व्यवस्था आदल्याच वर्षी सुरू झाली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ नावाच्या जहाजातून छत्तीस मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले. पुढील सात-आठ दशकांत त्यांच्यामागून जवळजवळ पाच लाख माणसे आली. बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातले भोजपुरी भाषक सर्वांत अधिक, त्यांच्याबरोबर तमिळ आणि तेलुगू, आणि मुंबई बंदरातून निघालेले रत्नागिरी, सातारा भागांतले मराठी लोकही. करार पाच वर्षांचा, मजुरी महिन्याला सुमारे पाच रुपये आणि सोबत तांदूळ, डाळ, मीठ असा मोजून मिळणारा शिधा. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. जहाजातून उतरल्यावर ज्या दगडी पायऱ्या त्यांनी चढल्या त्यांतील सोळा पायऱ्या आजही शाबूत आहेत. आप्रवासी घाट या नावाने ते ठिकाण ओळखले जाते आणि २००६ मध्ये त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला.

या पायऱ्या चढणाऱ्या माणसाजवळ सामान ते किती असणार! एखादे गाठोडे, एखादे भांडे, क्वचित एखादी पोथी. प्रवासाला निघताना बांधून घेतलेली शिदोरी बंदर सुटण्यापूर्वीच संपली असणार. उरली होती ती केवळ जिभेवरची शिदोरी. आई भाजी कशी परतत होती, डाळ किती शिजली म्हणजे उतरवत होती, मसाला वाटताना आधी काय घेत होती, याची आठवण. ही शिदोरी कोणत्याही करारात नमूद नव्हती आणि म्हणूनच ती कोणाला काढून घेता आली नाही.

या शिदोरीतून निघालेला सर्वांत लोकप्रिय पदार्थ म्हणजे ढोलपुरी. यातला ‘ढोल’ म्हणजे आपली डाळच. परक्या लिपीत आणि परक्या तोंडी तिचे रूप तेवढे पालटले. पिवळी डाळ शिजवतात, पण ती फार गाळ होऊ देत नाहीत. बोटांत चुरडली जाईल एवढीच मऊ झाली की पाणी काढून टाकून ती कोरडी वाटतात. तिच्यात हळद आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालतात. कणकेच्या उंड्यात हे सारण भरून पातळ पोळी लाटतात आणि तव्यावर तेलाचा हात फिरवून भाजतात. बिहारची दालपुरी हीच हिची जन्मदात्री. मराठी माणसाला मात्र ती पाहताच पुरणपोळी आठवते. गूळ आणि वेलची काढून घेतलेली, तिखटामिठाच्या संसारात पडलेली पुरणपोळीच जणू! सादृश्य आणखीही एका ठिकाणी आहे. पुरणाच्या डाळीचे वरचे पाणी मराठी घरात फेकत नाहीत, त्याची कटाची आमटी होते. मॉरिशसमधली गृहिणीही डाळीचे पाणी फेकत नाही. ती त्याच पाण्यात कणीक भिजवते. दोन समाज एकमेकांपासून हजारो मैल दूर, पण टाकून काही द्यायचे नाही हा गरिबाघरचा नियम दोघींनाही ठाऊक आहे.

ढोलपुरी एकटी कधी मिळत नाही. ती जोडीनेच विकली जाते. दोन पुऱ्यांवर मोठ्या पांढऱ्या घेवड्याची आमटी, टोमॅटोचे रुगाय, कोथिंबिरीची चटणी आणि हवी तेवढी मिरची घालून विक्रेता कागदात तिची गुंडाळी करून देतो. अनेक विक्रेत्यांजवळ सायकलीला किंवा दुचाकीला जोडलेली काचेची पेटी असते. कचेरीतला साहेब, शाळेतला मुलगा, बंदरावरचा हमाल असे सगळे एकाच रांगेत उभे राहतात. त्यांत हिंदू असतात, मुसलमान असतात, आफ्रिकी वंशाचे ख्रिस्ती असतात, चिनी असतात. ज्यांच्या आजोबांनी या मजुरांना कदाचित तुच्छ लेखले असेल त्यांची नातवंडेही याच रांगेत असतात. मराठीत ‘कोंड्याचा मांडा’ करणे असा वाक्प्रचार आहे. हाती केवळ कोंडा असताना त्यातून पक्वान्न निर्माण करण्याचे कसब त्यातून सांगितले जाते. मोजून मिळालेल्या शिध्याच्या डाळीतून ज्यांनी सबंध राष्ट्राचा आवडता पदार्थ घडवला, त्यांना हा वाक्प्रचार तंतोतंत लागू पडतो.

ढोलपुरीची भावंडेही बाजारात भेटतात. पराठ्याला तेथे ‘फराटा’ म्हणतात. हरभऱ्याच्या किंवा वाटाण्याच्या डाळीचे, मिरची घातलेले छोटे वडे ‘गातो पिमां’ या नावाने ओळखले जातात. नाव फ्रेंच, अर्थ ‘मिरचीचा केक’, आणि चव मात्र थेट आपल्या डाळवड्याची. पावाला लोणी लावून त्यात हे वडे चुरडून खाणे ही तेथील न्याहारी. तळलेली वांग्याची भजी आणि सामोसेही शेजारीच असतात. ‘गातो पातात’ हा गोड पदार्थ तर मराठी प्रवाशाला क्षणभर बुचकळ्यात पाडतो. रताळ्याच्या पिठाळ पारीत ओले खोबरे, साखर आणि वेलची भरून अर्धचंद्राच्या आकारात मुडपून तो तळतात. पारी वेगळी, पण आकार आणि सारण करंजीचे.

मिश्रण हा या बेटाच्या स्वयंपाकाचा धर्म आहे. रुगाय म्हणजे टोमॅटो, कांदा, लसूण, मिरची आणि थाइम नावाची सुगंधी पाने यांचे दाट कालवण. ते क्रिओल समाजाचे खास, पण आता कुणाच्याही घरी शिजते. खारवलेली मासळी घालून केलेले रुगाय भाताबरोबर खातात. ‘विंदाय’ हा दुसरा पदार्थ कोकणी आणि गोमंतकीय वाचकाला ओळखीचा वाटेल. मासळी तळून ती मोहरी, हळद, लसूण, कांदा आणि व्हिनेगर यांच्या मसाल्यात मुरवतात. गोव्यातील ‘विंदालू’शी त्याचे नाते सांगितले जाते. मद्य आणि लसूण यांत मांस मुरवण्याच्या पोर्तुगीज पद्धतीतून ‘विंदालू’ हे नाव आले. एकाच घराण्याच्या या दोन शाखा हिंदी महासागराच्या दोन काठांवर वाढल्या.

याच रस्त्यांवर चिनी स्थलांतरितांनी आणलेल्या तळलेल्या शेवया आणि गरम रश्शात सोडलेले ‘बुलेत’ हे उकडलेले गोळे मिळतात. मुसलमान कुटुंबांच्या लग्नांत मोठ्या देगांमध्ये बिर्याणी शिजते. दक्षिण भारतीय परंपरेतून आलेले सात भाज्यांचे शाकाहारी जेवण केळीच्या पानावर वाढतात आणि ते आता अनेक हिंदू समारंभांत दिसते. पोर्ट लुईच्या मध्यवर्ती बाजारात उन्हाने दमलेला प्रवासी ‘आलुदा’ पितो. थंड दूध, चायना ग्रासचे तुकडे आणि फुगलेला सब्जा असलेले हे पेय म्हणजे आपला फालुदाच. समुद्रकाठी लहानशा गोड अननसाला मीठ, मिरची आणि चिंच लावून देतात. शाळेबाहेर मीठ-तिखट लावलेली कैरी खाल्लेल्या कोणालाही या चवीची ओळख करून द्यावी लागणार नाही.

मुख्य बेटापासून पूर्वेकडे सुमारे ५६० किलोमीटरवर रॉड्रिग्ज हे याच राष्ट्राचे छोटे बेट आहे. तेथे ओहोटीच्या वेळी प्रवाळाच्या खडकांवरून चालत, हातातील टोकदार सळईने ऑक्टोपस पकडण्याचे काम परंपरेने स्त्रिया करतात. तो उन्हात वाळवतात आणि मग त्याची आमटी किंवा कोशिंबीर होते. फार पकड झाल्याने समुद्र रिता होऊ लागला तेव्हा २०१२ पासून वर्षातील काही आठवडे ही पकड बंद ठेवण्यास तेथे सुरुवात झाली. पिल्लांना वाढू द्यावे, मगच जाळ्यात घ्यावे, हे शहाणपण ज्यांचे पोट त्यावर अवलंबून होते त्यांनी स्वीकारले. पाहुण्याच्या ताटात येणाऱ्या घासामागे कोणाचा तरी संयम असतो, हे या बेटावर विशेष जाणवते.

याच्या उलट चित्र एका श्रीमंती पदार्थाचे आहे. ताडाच्या जातीच्या झाडाचा शेंड्यातील कोवळा गाभा काढून त्याची कोशिंबीर करतात. ती ‘लक्षाधीशांची कोशिंबीर’ म्हणून ओळखली जाते, कारण एका ताटलीसाठी कित्येक वर्षे वाढवलेले सबंध झाड तोडावे लागते. हॉटेलांच्या भोजनपत्रिकेत तिला मानाचे स्थान असते. ढोलपुरीला ते क्वचितच मिळते. पण बेटाची ओळख कोणती, असे तेथील माणसाला विचारले तर तो झाडाच्या गाभ्याचे नाव घेणार नाही. तो डाळीचेच घेईल.

आता जिभेच्या दुसऱ्या कामाकडे वळले पाहिजे. या मजुरांच्या भाषांचे काय झाले? मळ्यावरच्या मुकादमाशी, शेजारच्या तमिळ किंवा आफ्रिकी कुटुंबाशी बोलण्यासाठी सर्वांनी क्रिओल उचलली. फ्रेंच शब्दांच्या पायावर उभी असलेली ही भाषा आज बहुसंख्य घरांत बोलली जाते. एके काळी खेड्यापाड्यांत सर्रास कानी पडणारी भोजपुरी घराघरांतून मागे सरली. मराठी आणि तेलुगू यांचीही तीच गत झाली. परंतु स्वयंपाकघराचा उंबरठा भाषेने सहजासहजी ओलांडला नाही. क्रिओल बोलणारी आजी तव्याला ‘तावा’, कढईला ‘कराय’ आणि देगचीला ‘देक्सी’ म्हणते. चटणी तेथे ‘सातिनी’ होते. शेवग्याच्या पाल्याला ‘ब्रेद मुरुम’ म्हणतात. त्यातील ‘मुरुम’ हा तमिळ ‘मुरुंगै’चाच अवतार. मसाला वाटायचा दगड फ्रेंच नावाने ओळखला जातो, पण तो असतो आपला पाटा-वरवंटाच. हळदीला मात्र तेथे ‘सफ्रान’ म्हणजे केशर म्हणतात. गरिबाच्या हळदीला मिळालेली एवढी मोठी पदवी अन्यत्र क्वचितच आढळेल!

मराठी वंशाचे लोक तेथे संख्येने थोडे आहेत. तरीही गणेश चतुर्थीला साऱ्या देशात सुट्टी असते. गणपती बसतात, मोदक होतात, मिरवणुका समुद्राकडे किंवा नदीकडे जातात. कोकणातील जाखडी नृत्य तेथे ‘झाकरी’ या नावाने जपलेले आहे. मुलांना शाळेत मराठी हा विषय घेता येतो आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत तिचे उच्च शिक्षणही मिळते. या मुलांपैकी अनेकांना मोदकाची चव पाळण्यापासून ठाऊक असते. ‘मोदक’ हा शब्द कसा लिहायचा हे मात्र पुस्तकातून शिकावे लागते. चव आपोआप उतरते, एका हातातून दुसऱ्या हातात, एका ताटातून दुसऱ्या ताटात. भाषा तशी उतरत नाही. तिच्यासाठी कोणाला तरी पाटी घेऊन बसावे लागते.

महाराष्ट्राबाहेर भारतभर पसरलेल्या मराठी कुटुंबांनाही ही गोष्ट अपरिचित नाही. इंदूर, बडोदा, तंजावर, दिल्ली, हैदराबाद येथील कितीतरी घरांत आमटी, थालीपीठ, भरली वांगी पिढ्यान्‌पिढ्या शिजत आली. बाहेरचा व्यवहार दुसऱ्या भाषेत गेला, मुलांची शाळा तिसऱ्या भाषेत गेली, आणि मराठी हळूहळू फोडणीच्या आवाजापुरती उरली. अशा घरातील एखादी गृहिणी वयाच्या चाळिशीत किंवा पन्नाशीत पुन्हा मराठीचे पुस्तक उघडते तेव्हा तिला काही शब्द भेटताच हसू येते. ‘फोडणी’, ‘उंडा’, ‘पारी’, ‘कट’. हे शब्द तिला ठाऊकच असतात. तिने ते वाचलेले तेवढे नसतात.

म्हणून मॉरिशसला जाणाऱ्या प्रवाशाने एक दिवस तरी हॉटेलचे टेबल सोडावे. सकाळी पोर्ट लुईच्या बाजारात गातो पिमां खावे, दुपारी रांगेत उभे राहून ढोलपुरीची जोडी घ्यावी, वर ग्लासभर आलुदा प्यावा. तेथून आप्रवासी घाट फार दूर नाही. त्या सोळा पायऱ्या पाहताना हातात कागदात गुंडाळलेली ऊन ढोलपुरी असली तर उत्तमच. विक्रेत्याला तिची कृती विचारावी. तो बहुधा क्रिओलमध्ये सांगेल, आणि मध्येच ‘तावा’ म्हणेल. तो शब्द कळण्यासाठी मराठी माणसाला दुभाष्याची गरज पडणार नाही.